आसनक्षमता, चालकासह

२०२१ सालच्या भाद्रपदात, ज्येष्ठागौरी जेवल्या त्या दुपारी, आमच्या घरी एक निवाडा झाला आणि तो आम्हीच दिला. वादी आमचे चिरंजीव. वय छत्तीस, हालोलच्या बाजूस एका कारखान्यात नोकरी, पत्नी, दोन मुले, गृहकर्ज बहुतेक फिटलेले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : घरात मारुतीची जुनी छोटी मोटार आहे, ती उत्तम चालते, ती तशीच राहू द्यावी, आणि गोव्यात म्हापशाच्या एका गृहस्थांकडे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघडझाप छपराची जुनी मोटार साडेतीन लाखांना विकाऊ आहे, ती त्याने आपल्या शिलकेतून घ्यावी. प्रतिवादी म्हणून कोणी एक व्यक्ती नव्हती. अवघे गोत प्रतिवादी होते. इंदूरहून आलेले आमचे धाकटे बंधू हातावर पाणी घेण्यापूर्वीच म्हणाले, ‘‘संसारी माणसाने दोन आसनांची गाडी घेणे म्हणजे पंगत बसवायची आणि पाने दोनच मांडायची.’’ सर्वांना हे वाक्य फार आवडले. आम्हांलाही आवडले. आम्ही घरातील वडीलधारे. शिवाय सदतीस वर्षे गुजरात शासनाच्या लेखा व कोषागार सेवेत काढलेली. निकाल देण्याची जिभेला सवय. आम्ही म्हणालो, ‘‘हौस पुढे केव्हाही होईल. आज व्यवहार पाहा.’’

चिरंजीवांनी व्यवहार पाहिला. जुनी छोटी मोटार बदलीत देऊन सात आसनांची एक थोरली गाडी घेतली. सगळा खर्च धरून बावीस लाख. पैकी सोळा लाखांचे कर्ज, मुदत सात वर्षे, दरमहा हप्ता सुमारे पंचवीस हजार. म्हापशाची मोटार दुसऱ्या कोणीतरी नेली.

हे सारे घरातले होते आणि घरातच राहिले असते. परंतु गेल्या तिमाहीच्या बैठकीनंतर चहापानाच्या वेळी आपल्या मंडळाच्या एका तरुण सभासदाने जवळजवळ हाच प्रश्न विचारला आणि भोवतीच्या आठ ज्येष्ठ सभासदांनी आठ तोंडांनी आमचाच निवाडा त्याला ऐकवला. ‘व्यवहार’ हा शब्द पाच वेळा आला, आम्ही मोजला. तो तरुण ओशाळून चहाचा पेला ठेवायला निघून गेला. त्या आठांत आम्ही नव्हतो, पण निवाडा मूळचा आमचा होता. म्हणून हा लेख. आम्ही तो निवाडा मागे घेत आहोत, आणि ज्या विचारसरणीतून तो निघाला तिच्याविरुद्ध चार शब्द बोलणार आहोत. ज्येष्ठ सभासदांनी राग मानू नये; मानल्यास पुढील अंक आहेच.

प्रथम ‘व्यवहार’ या शब्दाकडे पाहू. नोकरीच्या काळात आमच्या मेजावरून वाहन अग्रिमाचे असंख्य अर्ज गेले. आरंभी सायकल आणि स्कूटर अग्रिम, पुढे मोटार अग्रिम. अर्जात वाहन कशासाठी हवे ते लिहावयाचे असे. इतक्या वर्षांत एकाही कर्मचाऱ्याने तेथे ‘हौस म्हणून’ असे लिहिलेले आम्ही पाहिले नाही. सर्वांचे उत्तर एकच : ‘कार्यालयीन व कौटुंबिक सोयीसाठी’. ज्याचे घर कचेरीच्या मागल्या गल्लीत होते त्याचेही तेच. ज्याचे लग्न झालेले नव्हते त्याचेही तेच. आम्ही स्वतः १९८६ साली चेतक स्कूटरसाठी अर्ज केला तेव्हा तेच लिहिले. आणि खरे कारण असे होते की रावपुऱ्यात एका मित्राला निळ्या स्कूटरवरून जाताना पाहिल्यापासून आम्हांला झोप नव्हती. हौस ही गोष्ट आपल्या समाजात असतेच. फक्त तिला आपल्या नावाने घराबाहेर पडता येत नाही. तिला ‘कुटुंब’ या शब्दाचा पदर डोक्यावरून घ्यावा लागतो. सात आसनांच्या गाडीने तो पदर बेमालूम घेतला आहे. दोन आसनांची गाडी उघड्या डोक्याने येते, एवढाच तिचा अपराध.

त्या चेतकचीच गोष्ट घ्या. स्कूटर म्हणजे कायद्याने दुआसनी वाहन. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १२८ व्या कलमात चालकाखेरीज एकच व्यक्ती बसवावी असे स्वच्छ म्हटलेले आहे. आणि आमच्या पिढीने त्या दोन आसनांवर अख्खा प्रपंच हाकला. पुढे पायांपाशी उभा मुलगा, मागे आमची सौ., तिच्या मांडीवर मुलगी, हँडलला पिशवी. शासकीय अधिकारी असूनही आम्ही दहा वर्षे हा कायदा रोज मोडला याची येथे लेखी कबुली देतो. त्या काळी कोणी आम्हांला दुआसनी वाहन घेतल्याबद्दल संसारद्रोही म्हटले नाही. उलट ‘दोनाची चार करून भागवतो, हुशार आहे’ असे म्हटले. म्हणजे आक्षेप आसनांच्या संख्येला नाही. दोन आसने गैरसोयीची असली की ती काटकसर. दोन आसने आनंदाची असली की ती चैन.

फार मागे जावयाचे तर आमच्या आजोळी, खानदेशात, ओझ्याची बैलगाडी वेगळी आणि दमणी वेगळी असे. बैलगाडीत कडबा, खत, लग्नाचे वऱ्हाड. दमणी हलकी, तिचे बैल वेगळे, त्यांची निगा वेगळी, आणि आजोबा तालुक्याला जायचे ते दमणीतून. तिच्यात दोन माणसे ऐसपैस बसत, तिसरे अडचणीत. आजोबांना नऊ मुले होती. दमणी विकून दुसरी बैलगाडी घ्या, म्हणजे नऊही मुले मावतील, असे त्यांना सुचवण्याचे धाडस कोणी केले असते तर त्याचे काय झाले असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. (अन्यत्र हलक्या गाडीला छकडा म्हणतात, पण आमच्या गुजरातेत छकडा म्हटले की सौराष्ट्रातली ती धडधडणारी तीनचाकी डोळ्यांपुढे येते, जिच्यात किती माणसे मावतात याचे उत्तर अद्याप कोणत्याही परिवहन अधिकाऱ्यास मिळालेले नाही. कौटुंबिक सोय हाच निकष असेल तर सात आसनी गाडी सोडा, छकडाच घ्या.)

आता ज्या वाहनावरून हे रामायण झाले त्याविषयी. आपल्या गोव्यातील सभासदांना तरी ते ठाऊक असावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात ही ‘स्टॉर्म’ बनवली. रेखाटन फ्रान्समधले, इंजिन रेनॉचे, सुमारे बाराशे सीसीचे; म्हणजे ताकद एखाद्या साध्या घरगुती मोटारीइतकीच. बॉडी फायबरग्लासची, छप्पर कापडी, आसने दोन. फार थोड्या गाड्या निघाल्या. रस्त्यावर दिसली की लोक परदेशी समजतात. भारतात, त्यातही एका मराठी-कोकणी प्रदेशात, कोणीतरी दोन माणसांनी वाऱ्यात बसून जावे एवढ्याचसाठी एक वाहन बनवले, ही गोष्ट आम्हांला त्या दुपारी हास्यास्पद वाटली होती. आज ती मोठी धिटाईची वाटते.

‘स्पोर्ट्स कार’ म्हटले की आमच्या वयाच्या मंडळींपुढे नटनट्या आणि कोट्यधीशांचे वाया गेलेले पुत्र उभे राहतात. हा गैरसमज आहे. जगात दुआसनी स्पोर्ट्स मोटारींत सर्वाधिक खपलेली मोटार म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. ती १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि २०१६ साली तिचा दहा लाखांचा टप्पा पुरा झाला. पहिल्या गाडीचे इंजिन सोळाशे सीसीचे, वजन एक हजार किलोच्या आत. ती वेगाच्या उच्चांकासाठी बनवलेलीच नव्हती. हलकी, साधी, पगारदार माणसाला झेपेल अशी, आणि वळणावर मन प्रसन्न करणारी, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. ती घेणारे दहा लाख लोक सगळेच ब्रह्मचारी नसावेत. आपल्याकडे ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. आपल्याकडे २०२५ साली एमजी कंपनीने ‘सायबरस्टर’ ही विजेवर चालणारी दुआसनी आणली, तिची किंमत पाऊण कोटीच्या घरात. ती घेणाऱ्यांशी आमचा संवाद नाही. त्यांना आमच्या निवाड्याची गरजही नाही. आम्ही बोलतो आहोत ते त्या माणसाविषयी, ज्याच्यापाशी साडेतीन लाख साठलेले आहेत आणि ज्याला ते खर्चण्यासाठी पंचवीस नातेवाइकांची संमती लागते.

बरे, आपण खरोखर व्यवहारी आहोत काय? तसे असतो तर टाटांची ‘नॅनो’ आज घरोघरी असती. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती गाडी दाखवली गेली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली, हे त्यांनी अनेकदा सांगितले होते. म्हणजे वर वर्णन केलेले आमचेच कुटुंब. मूळ किंमत एक लाख. कारखाना बंगालमधून उठून आमच्याच गुजरातेत, साणंदला, आला. चार माणसे, डोक्यावर छप्पर, कमी पेट्रोल, गल्लीत वळणारी. कौटुंबिक व्यवहाराची याहून शुद्ध मूर्ती कोणत्या मूर्तिकाराने घडवली असती? आणि ती कोणी घेतली? ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिच्यावर बसला आणि त्या शिक्क्याने ती मेली, हे पुढे टाटांनीही मान्य केले. २०१८ साली उत्पादन थांबल्यात जमा झाले. आमच्या सोसायटीत एकाने घेतली होती. तो ती मागच्या बाजूस लावीत असे. ज्या समाजाने नॅनो मागच्या बाजूस लावली त्या समाजाने दुसऱ्याला व्यवहार शिकवू नये.

त्याऐवजी आपण काय घेतो? २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे साठ टक्के गाड्या ‘युटिलिटी’ या वर्गातल्या होत्या. उपयुक्तता! शब्द किती निरागस आहे पाहा. घरे पूर्वीपेक्षा लहान, मुले एक किंवा दोन, रस्ते तेवढेच, आणि गाडी मात्र वर्षागणिक उंच, रुंद आणि लांब. शासनालाही यात दोष द्यावा लागेल, आणि तो आमच्यासारख्या निवृत्त लेखाधिकाऱ्याने द्यावा हेच उचित. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर बदलले. छोट्या मोटारीवर अठरा टक्के, थोरलीवर चाळीस. छोटी कशी ओळखावी? चार मीटरच्या आतली लांबी आणि ठराविक सीसीच्या आतले इंजिन. कर लांबी मोजतो, सिलिंडरचे आकारमान मोजतो. आत किती माणसे बसणार आणि प्रत्यक्षात किती बसतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नोंदणीपुस्तिकेत मात्र एक रकाना असतो, ‘आसनक्षमता, चालकासह’. तो रकाना आम्ही आयुष्यभर पाहत आलो. त्याच्या शेजारी ‘प्रत्यक्ष भरलेली आसने’ असा दुसरा रकाना असता तर अर्ध्या देशाची अब्रू गेली असती.

तो दुसरा रकाना आम्ही स्वतः आखला. सरकारी जीपच्या लॉगबुकवर सही करण्यात आयुष्य गेल्यामुळे हे आम्हांला सुचले असावे. २०२४ च्या गुढीपाडव्यापासून २०२५ च्या गुढीपाडव्यापर्यंत, आमच्या घरची सात आसनी गाडी ज्या ज्या दिवशी बाहेर पडली त्या त्या दिवशी तिच्यात जास्तीत जास्त किती माणसे होती हे आम्ही एका वहीत लिहीत गेलो. चिरंजीवांना हे ठाऊक नव्हते. हा लेख वाचून ठाऊक होईल. गाडी एकूण २८६ दिवस बाहेर पडली. पैकी २३१ दिवस तिच्यात एकटे चिरंजीव होते. हालोलला जाणे आणि येणे. २४ दिवस दोन माणसे. २० दिवस तीन किंवा चार. ८ दिवस पाच किंवा सहा. आणि सातही आसने भरली ते दिवस तीन : एक मंगळागौर, एक पावागड, आणि एक मेहुण्यांच्या मुलीचा साखरपुडा, ज्यास निघताना आठवे माणूस निघाल्यामुळे शेवटी रिक्षा करावी लागली ती लागलीच.

बंधूंच्या पंगतीच्या दाखल्यास आमचे उत्तर या वहीत आहे. पंगत वर्षातून तीन दिवस. त्या तीन दिवसांसाठी भाड्याची गाडी बोलावली असती तर एका हप्त्याच्या रकमेत तिन्ही प्रसंग पार पडून मिठाईपुरते पैसे उरले असते. मुंजीला हंडा लागतो म्हणून कोणी रोजची आमटी हंड्यात करीत नाही. हंडा शेजारून किंवा भाड्याने आणतात, परत करतात, आणि घासून परत केला की मैत्रीही टिकते.

आणि ज्या कुटुंबाच्या नावे हे सर्व झाले त्या कुटुंबाची स्थिती ऐका. आमच्या मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेले. निवाड्याच्या दुपारी ‘आईला कुठे न्यायचे-आणायचे झाले तर?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी अत्यंत हळव्या स्वरात विचारला होता. तर आईला या गाडीत चढता येत नाही. पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच. पहिल्या दिवशी दोघांनी धरून चढवले. ती बसली, आणि उतरल्यावर म्हणाली, ‘‘पुन्हा मला या माडीवर नेऊ नका.’’ तेव्हापासून ती डॉक्टरांकडे रिक्षाने जाते. दांडियाबाजारातील आमच्या मावशीच्या गल्लीत तर गाडीच शिरत नाही. मग गाडी नाक्यावर उभी, आणि आई रिक्षात. दोन आसनी ‘स्टॉर्म’ तिच्यासाठी अर्थातच निरुपयोगी होती. ती जमिनीला टेकलेली, तिच्यात बसणे म्हणजे पाटावर बसणे. हे आम्ही लपवीत नाही. परंतु आईला चालणारी गाडी आमच्या घरी होती! ती जुनी मारुती, जिचे आसन नेमके खुर्चीइतके उंच होते, जिचे दार आईला स्वतःला उघडता येई. ती आम्ही बदलीत दिली, आणि ती दिली तेव्हा घराघरांत होते तसेच झाले : ज्या माणसाच्या सोयीचा जप चालला होता त्या माणसाला कोणी विचारले नाही.

उंच गाडीचा आणखी एक पाठ सांगत असत, तो पाण्याचा. ‘वडोदऱ्यात पाणी भरते, उंच गाडी बरी.’ २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला आणि तीन-चार दिवस अर्धे शहर पाण्यात होते. आमच्या तळघरातल्या उंच, बुटक्या, जुन्या, नव्या सगळ्या गाड्या सारख्याच बुडाल्या. आमची तीन आठवडे कार्यशाळेत होती. लॉगबुकमध्ये त्या जागी आम्ही आडवी रेघ मारली आहे.

आता जे आक्षेप खरोखर गंभीर आहेत त्यांना सामोरे जाऊ. सगळेच आक्षेप पोकळ आहेत असे आमचे म्हणणे नाही, आणि तसे म्हणू तर आमच्यात आणि त्या आठ सभासदांत फरक काय राहिला?

लहान मुलांचा आक्षेप खरा आहे. दुआसनी मोटारीत मागे आसनच नाही. म्हणजे मूल न्यायचे तर पुढे, एअरबॅगच्या समोर. तान्ह्या मुलाची पाठमोरी खुर्ची चालू एअरबॅगपुढे ठेवणे जिवावर बेतणारे असते, यात मतभेदाला जागा नाही. आपल्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास हजार रुपये दंड आहे. हजार रुपये ही मुलाच्या जिवाची किंमत म्हणून हास्यास्पद आहे हे वेगळे. तेव्हा ज्याच्या घरी एकच गाडी असणार आहे आणि मूल तान्हे आहे त्याने दुआसनी घेऊ नये. आम्ही त्याच्या बाजूने बोलत नाही. त्याचप्रमाणे, अपघातात थोरली गाडी आतल्यांना अधिक सांभाळते, हेही अनेकदा खरे. जरी रस्त्यावरच्या बाहेरच्यांना, पायी चालणाऱ्यांना, स्कूटरवरच्या चौघांना, ती किती सांभाळते हे कोणी विचारीत नाही. फायबरग्लासची वीस-पंचवीस वर्षांची जुनी गाडी महामार्गावर ट्रकांच्या मधून रोज न्यावी असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. रविवारी सकाळी सिंधरोटपर्यंत जाऊन यावे, एवढेच.

गतिरोधकांचा आक्षेपही खरा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंचीचा आणि ऐसपैस रुंदीचा हवा. आमच्या सोसायटीपुढचा गतिरोधक त्या मानकाचा नातेवाईकही नाही. बुटकी गाडी त्याच्यावर पोट घासणार. परंतु यातून निष्कर्ष काय काढायचा? गतिरोधक चुकीचा आहे म्हणून गाडी उंच करायची. मग उंच गाड्या वेग कमी करीत नाहीत म्हणून गतिरोधक आणखी उंच करायचा. हा जिना कोणत्या माडीवर थांबणार आहे?

पोर्शेच्या दाखल्याने मात्र आमचे विरोधक आम्हांला निरुत्तर करू पाहतात. त्या कंपनीने १९६३ पासून ९११ ही जगप्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार चालवली, आणि शेवटी २००२ साली ‘केयेन’ नावाची पाच आसनी थोरली गाडी काढली तेव्हा कुठे तिला बरकत आली. पाहा, त्यांनाही कुटुंबाकडेच यावे लागले! खरे आहे. पण त्यांनी ९११ बंद केली नाही. केयेनच्या पैशावर ९११ जगवली. तेथे व्यवहाराने हौसेला पोसले. आमच्या घरी आमच्या जुन्या मारुतीने तेच केले असते, आम्ही मध्ये पडलो नसतो तर.

उरला तो आक्षेप, जो कोणी मोठ्याने बोलत नाही आणि जो त्या दुपारी खोलीभर पसरला होता : लोक काय म्हणतील. चाळिशीकडे झुकलेला दोन मुलांचा बाप उघड्या गाडीतून हिंडतो, मुलांना टाकून जातो, ‘चाळिशीचे चाळे’. यातील ‘मुलांना टाकून’ या शब्दांपाशी आम्ही फार दिवस अडलो. दुआसनी गाडी मुलांना वगळते, हे दिसते तसे खरेच आहे. पण ती दुसऱ्या एका माणसाला बोलावते, हे त्या दुपारी आम्हां पंचांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. पंचांत स्त्रिया होत्या, त्यांच्याही नाही.

हे आम्हांला वहीने शिकवले. गेल्या वर्षी चैत्रात बेरजा करीत बसलो असताना सूनबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी वही पाहिली. रागावतील असे वाटले. त्या खाली बसल्या आणि दोन माणसांच्या चोवीस दिवसांवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘बाबा, यांत मी किती?’’ आम्ही मोजून सांगितले, नऊ. बाकीचे पंधरा दिवस आम्हीच शेजारी बसलेलो होतो; बँक, दंतवैद्य, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. ‘‘आणि त्या नवांपैकी?’’ शेऱ्याच्या रकान्यात आमच्याच हस्ताक्षरात होते : पालकसभा, पालकसभा, धान्यबाजार, नातवाचे एक्स-रे, सासरकडील सांत्वन, आणि असेच. सूनबाई हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘ती गोव्याची गाडी मीच शोधली होती. यांनी तुम्हांला माझे नाव सांगितले नाही, कारण मग तुम्ही मला म्हणाला असता.’’

आम्ही सदतीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढल्या. ही चूक आम्हांला दिसली नाही. लग्नाला बारा वर्षे झालेली दोन माणसे, एकाच घरात सासू, सासरे, आजेसासू आणि दोन मुलांसह राहणारी, आठवड्यातून एक तास तिसऱ्या माणसासाठी जागाच नसलेल्या ठिकाणी बसू इच्छीत होती. त्यांनी ते आम्हांला मोटारीच्या भाषेत सांगितले, कारण दुसऱ्या कोणत्याही भाषेत ते आमच्या घरात सांगता आले नसते. आणि आम्ही त्यांना सात आसने दिली.

जानेवारी २०२३ मध्ये येथे लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. आम्ही सहकुटुंब गेलो होतो, दोन फेऱ्यांत. तेथे जुन्या दुआसनी मोटारींभोवती गर्दी करून कोण उभे होते? सहकुटुंब आलेले लोकच. आजोबा नातवाला दाखवीत होते, ‘किती देखणी!’ शंभर वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांनी घेतलेली दुआसनी हा वारसा. काल पगारदार माणसाला हवी झालेली दुआसनी हा उधळेपणा. चिरंजीव एका लाल गाडीपाशी बराच वेळ उभा होता. आम्ही ‘चला’ म्हणालो, तसा चालू लागला.

ऋण काढून सण करू नये असे आमचे वडील सांगत. साडेतीन लाखांची हौस शिलकेतून होत होती. बावीस लाखांचा व्यवहार ऋणातून झाला, आणि त्याचे हप्ते २०२८ पर्यंत चालू राहतील. कोणत्या बाजूस सण होता आणि कोणत्या बाजूस काटकसर, हे त्या आठ सभासदांनी आपापल्या वह्या आखून ठरवावे. वही आखण्यास अडचण असल्यास नमुना आमच्याकडे मिळेल.

आमच्यापुरते सांगायचे तर दिवाळीनंतर पणजीहून एका परिचितांचे पत्र आले. मडगावच्या बाजूस एक ‘स्टॉर्म’ पडून आहे. छप्पर फाटलेले, रंग उडालेला, इंजिन सुस्थितीत. वीस वर्षांवरील गाडी म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणास, २०२५ च्या ऑगस्टात वाढलेल्या दराने, दहा हजार रुपये लागतील. गोव्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागेल. येथे रस्ताकर पुन्हा भरावा लागेल. हे सर्व आम्ही कागदावर मांडले आहे आणि रक्कम आमच्या निवृत्तीच्या ठेवीतून जाते. मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि नमुना ३० आणून ठेवले आहेत. दोन्ही नमुने आम्ही सवयीने दोनदा वाचले. त्यांत विकत घेणाऱ्याचे नाव आहे, पत्ता आहे. वाहन कशासाठी हवे, असा रकाना नाही. नावाच्या जागी सूनबाईंचे नाव लिहिले आहे.